वीस-चाळीसचं टेबल

४ फेब्रुवारी

कान्देलारिया मातेची जत्रा आटोपली. हारो चौकात अजून कागदी फुलं लोळताहेत आणि झाडूवाले आरामात आहेत. दुपारी लेकीचा, रोवेनाचा फोन आला. तिच्याकडे विनिपेगमध्ये म्हणे नाकातला श्वास गोठतो.

"नानाय, एक सांगायचंय. आधी बस."

"बसलेलीच आहे. या वयात उभं राहून फोन कोण घेतं?"

"जुलैमध्ये दुसरं बाळ येतंय."

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या मानांग सालुदनी, म्हणजे सालुदताईंनी, कुंपणावरून डोकं काढलं. मग रोवेनाने उरलेलं सांगितलं. जूनपासून तिचा पगार अर्धा होणार. मला दरमहा पाठवते ते वीस हजार पेसो तेव्हापासून जमणार नाहीत.

"म्हणून म्हणते, तू इकडेच ये. घराला कुलूप लाव. तळघरातली खोली उबदार आहे."

"किती दिवस?"

"दिवस काय मोजतेस, नानाय? राहायलाच ये."

मी विषय बदलला. नातवाच्या, थिओच्या दाताचं विचारलं.

या घरात मी लग्न होऊन आले. माझा नवरा, आमादो, याच घरातून गेला. एकसष्टाव्या वर्षी मी कुणाच्या तळघरात जाऊन राहावं, हे मला पटत नाही. इथे राहायचं तर वीस हजार माझे मलाच मिळवायला हवेत, जूनच्या आत.

मी टॅबलेटवर पोकर खेळते हे रोवेनाला माहीत आहे. तिला वाटतं, नातवंडांनी बिस्किटांवर खेळावं तसं. मी पाच-दहाच्या टेबलावर बसते. म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांना पाच आणि दहा पेसो मध्ये टाकावे लागतात. हजार पेसो घेऊन बसायचं. महिन्याला सहा-सात हजार सुटतात. त्याच्या वरचं टेबल वीस-चाळीसचं. तिथे चार हजार घेऊन बसतात. तिथे मी इतकंच बरं खेळले तर वीस हजार सुटतील.

पण माझा एक नियम आहे. खात्यात एक लाख झाल्याशिवाय वर जायचं नाही. उत्तम खेळणाऱ्यालाही कधीकधी महिनाभर पत्ते पाठ फिरवतात. तेवढा महिना निघेल इतका पैसा मागे हवा. आज एक्क्याण्णव हजार आहेत.

घाई करायची नाही. घाई नाही.

९ फेब्रुवारी

सकाळची मिसा, कॉफी, मग दोन तास टेबल. आमच्या टेबलावर रोजचीच माणसं. डोक्टोरा नावाची कुणी दाताची डॉक्टर आहे, ती दोन रुग्णांच्या मधे खेळते. लोलो पेपे एक्का बघितला की वेडा होतो. आणि बातांग मोलो, म्हणजे मोलोचा पोरगा. मोलो इथून जीपनीने जेमतेम वीस मिनिटं, पण मी त्याला कधी पाहिलेलं नाही. बाजूच्या चौकटीत सगळे लिहीत असतात. मला सगळे तिता, म्हणजे मावशी म्हणतात. मी पैसे वाढवले की तो हमखास लिहितो, "तितांनी वाढवले! पळा रे, तितांकडे खरंच असतं."

खरंच असतं, हे खरं आहे. आमादो म्हणायचा, पत्ते सगळ्यांना सारखेच येतात, कंटाळा मात्र सारखा येत नाही. मला कंटाळा येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये मदर आमपारोंनी आम्हाला वर्षभर एकाच रुमालाची एकच किनार भरायला लावली होती. चुकलं की उसवा. "उसवायची लाज वाटते तिने सुई धरू नये," म्हणायच्या. वाईट पत्ते खाली टाकून देताना मला अजून तो रुमाल दिसतो.

मानांग सालुद इबोस घेऊन आल्या. चिकट भाताच्या त्या गुंडाळ्या सोलत त्यांनी पडद्यावर नजर टाकली.

"इंदाय, नन व्हायचं ते सोडून जुगारी झालीस."

"नन व्हायचं कधीच नव्हतं, मानांग."

"चेहरा तरी तसा कशाला ठेवलास मग? समोरच्याला फसवायला?"

"समोरच्याला चेहरा दिसत नाही."

"वाया गेला की गं मग!" आणि माझ्या ताटलीतला आंबाही त्यांनीच खाल्ला.

१७ फेब्रुवारी

शहाण्णव.

आज वरच्या टेबलावर जाऊन नुसती बघत बसले. बसल्याशिवायही बघता येतं. तिथे कुणी काही लिहीत नाही. नावंसुद्धा नावांसारखी नाहीत, नुसते आकडे. एकाने एका डावात नऊ हजार घालवले आणि पुढच्याच क्षणी नवे चार हजार घेऊन बसला, चहात साखर घालावी तसा. मी टॅबलेट पालथा घातला. खेळत तर नव्हते मी, नुसती बघत होते.

उद्या राखेचा बुधवार. उपास आहे. 

२६ फेब्रुवारी

सकाळी बातांग मोलो टेबलावर आला आणि बराच वेळ काही लिहीना. डोक्टोराने टोचलं, "काय रे, जीभ गहाण टाकलीस का?" मग त्याने लिहिलं, "नानाय गेली काल. शवपेटीजवळच बसलोय. दुपारचं लामायला कुणी नसतं, झोप येऊ नये म्हणून खेळतो."

सगळ्यांनी सांत्वन लिहिलं. लोलो पेपेने मेणबत्तीचं चित्र पाठवलं. पुढचा डाव वाटला गेला.

मला राणीची जोडी आली. तो एकटाच समोर होता. तो पैसे लावत गेला आणि मी पत्ते टाकून दिले.

विचार करून टाकले नाहीत. हात आपोआप गेला. मयताच्या घरी पत्ते खेळायलाच मी शिकले. सहा-सात दिवस पेटी घरात असते, तिला एकटं सोडायचं नसतं, माणसं जागी राहावीत म्हणून अंगणात टेबल मांडतात. या जागरणालाच लामाय म्हणतात. दर डावात जिंकणाऱ्याने थोडं काढून घरच्यांसाठी ठेवायचं, त्याला तोंग म्हणतात. त्यातून कॉफी, बिस्किटं, पेटीवाल्याचे पैसे. आमादो अख्ख्या गल्लीचा तोंग गोळा करायचा आणि एक नाणं इकडचं तिकडे होऊ द्यायचा नाही. तो गेला तेव्हा त्याच्या तोंगमधून अंत्ययात्रेच्या बँडचे पैसे निघाले होते.

पडद्यावर तोंगचा डबा नसतो. मग कसा ठेवायचा? असाच.

३ मार्च

मृतासाठी नऊ दिवस प्रार्थना करतात, तेवढे दिवस मी त्याच्यासाठी रोज काहीतरी सोडते आहे. एखादा डाव, कधी दोन. कुणाच्या लक्षात येत नाही. खात्यात एक्क्याण्णव उरले. म्हणजे मी जिथे होते तिथेच परत. लाख लांब पळतोय आणि जून जवळ येतोय.  तरी सकाळी पुन्हा सोडते.

सालुदना सांगितलं. सांगायला नको होतं.

"मोलोत? मोलोत कोण गेलं? मला कसं नाही कळलं?"

"तुम्हाला सगळीच मयतं कळतात का, मानांग?"

"कळतात. माझा उरलेला सगळा विरंगुळा तोच आहे. पेटी कुठल्या दुकानातली, विचार त्याला. दफन कुठल्या दिवशी, विचार."

"आई गेलेल्या पोराला असं विचारतात?"

"आई गेलेला पोरगा दुपारी पोकर खेळतो?"

"आपण नाही खेळलो?"

त्यांनी पिशवी उचलली. पण जाता जाता म्हणाल्या, "पगाराच्या तारखेला या देशात अर्ध्या लोकांच्या आया मरतात, इंदाय."

किती कडवट झाल्यात मानांग. एकटं राहून होतं असं.

१० मार्च

खातं उघडेना. वाटलं, टॅबलेट बिघडला. मग कंपनीचं पत्र दिसलं. माझ्या आणि दुसऱ्या एका खेळाडूच्या डावांत 'संगनमताचा संशय' आहे. मी मुद्दाम हरून त्याच्याकडे पैसे सरकवते असं त्यांना वाटतंय. चौकशी होईपर्यंत खातं बंद. सगळे पैसे आत.

मी पत्र तीनदा वाचलं. मी चोर? शाळेत बारा वर्षं माझ्या गळ्यातली सद्वर्तनाची निळी फीत एकदाही काढून घेतली गेली नाही.

संध्याकाळी रोवेनाचा फोन. तिचे पाय सुजलेत. नवरा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर असतो. "थिओला उचलता येत नाही गं आता," म्हणाली. मी हो-हो म्हणत होते, पण डोक्यात एकच, पैसे नाही सुटले तर जूनमध्ये मला सामानासारखं बांधून नेतील.

१२ मार्च

मी त्यांना लांबलचक उत्तर लिहिलं होतं, इंग्रजीत, कॉन्व्हेंटच्या अक्षरात लिहून मग टाइप केलं. आज कंपनीच्या मनिलातल्या एका तरुणाचा फोन आला. आवाज दमलेला, पण मर्यादशील.

"मॅम, सत्तावीस तारखेला तुमच्याकडे दोन राजे होते. तुम्ही टाकून दिलेत."

"हो."

"का, मॅम?"

"त्याच्या घरी लामाय चालू होता."



"मॅम, म्हणजे तुम्ही... तोंग देत होतात?"

"दुसरा काय मार्ग होता? तुमच्या पडद्यावर डबा नाही."

तो खोकला की हसला, कळलं नाही. "मॅम, माझी आजी तुमच्या शेजारच्या कापिझची आहे. मला समजतंय. पण नियमात हे बसत नाही. टेबलावर कुणाचंच घर नसतं."

"पण त्याची आई गेली होती, बाळा."

"आई? या वेळी आई?" तो म्हणाला आणि एकदम थांबला. "सॉरी मॅम. दुसऱ्या खात्याबद्दल मला बोलायची परवानगी नाही. तुमचं खातं उघडतो. पुन्हा करू नका. प्रत्येक डाव जिंकायलाच खेळा, मॅम. माझ्याकडे वचन म्हणून लिहून ठेवतोय."

वचन दिलं. या वेळी म्हणजे काय? बिचाऱ्याच्या घरात याआधीही कुणी गेलं असावं. एकामागून एक. काही घरांवर तशी वेळ येते.

१५ मार्च

बातांग मोलो टेबलावर दिसत नाही. त्याचं खातंही बंद केलं असेल, माझ्यामुळे. चर्चमध्ये त्याच्या आईसाठी मिसा लावली. कारकून बाईंनी नाव विचारलं, मला माहीत नव्हतं. 'मोलोची एक आई' असं लिहून घेतलं त्यांनी, माझ्याकडे चष्म्यावरून बघत.

वचनाप्रमाणे खेळते आहे. डोक्टोराला एका डावात पार पुसून टाकलं. तिने लिहिलं, "तिता, आज दया नाही का?" मी पुढचा डाव घेतला. चौराण्णव.

२२ मार्च

लाख झालेले नाहीत. तरी आज वर बसले.

कारणं लिहून ठेवते. जून जवळ आलाय. नियम मीच केला, तो मलाच बदलता येतो. आणि खाली बसलं की मन इकडे तिकडे जातं, कुणाची आई, कुणाचा दात. वर कुणी कुणाचं नाही.

चार हजार घेऊन बसले. पहिला अर्धा तास नुसती टाकत राहिले. मग इस्पिकचा एक्का आणि राजा. टेबलावरच्या उघड्या पत्त्यांत तीन इस्पिक उतरले, म्हणजे माझे पाचही एकाच रंगाचे. समोरच्या आकड्याने पैसे लावले, मी वाढवले, त्याने सगळे ढकलले.  बोट लावलं. त्याच्याकडे राणी-गुलामाचा रंग होता, माझा एक्क्याचा. त्याचे चार हजार माझ्याकडे सरकले. पुढच्या तासात दुसऱ्याचेही आले.

लाखाच्या वर गेले. नियमही आपोआप पाळला गेला म्हणायचं.

कुणी "वा, तिता" म्हटलं नाही. पडदा बंद करून स्वयंपाकघरात गेले. भात गरम करायलाही हात धजेना. हरले असते तर निदान कळलं असतं की काय वाटून घ्यायचं. जिंकल्यावर ही भीती कसली?

२५ मार्च

तिसऱ्या दिवशी साडेपाच हजार गेले, आज आठ आले. जमतंय मला. आता लिहायला हरकत नाही, मला जमतंय. हूल कोण देतो, कुणात किती पाणी आहे, दोन दिवसांत कळायला लागलं. या हिशेबाने जूनची चिंता नाही. एक लाख दहा.

झोप मात्र नाही. सालुद म्हणाल्या, "डोळ्यांखाली काय लावलंस, कोळसा?"

२६ मार्च

कोपऱ्यावरच्या बेकरीचे मानोंग देल्फिन, सगळ्यांचे देल्फिनदादा, गेले. लहानपणी शाळेला इथून जाताना मला गरम पाव तुटका द्यायचे, म्हणजे पैसे घ्यायला नकोत. अंगणात ताडपत्री, टेबल, पत्ते. संध्याकाळी मीही बसले. पाच-पाच पेसोंचा खेळ. समोर देल्फिनचा भाऊ, एक मेहुणा, सालुद.

पत्ते बरे आले. भावाच्या मानेवरूनच कळत होतं की तो हूल देतोय. मी त्याला दोनदा पकडलं. मेहुण्याने तिसऱ्यांदा पत्ते टाकले. मी पैसे ओढत होते. माझ्यासमोर नाण्यांचा ढीग झाला होता आणि टेबल हळूहळू गप्प होत गेलं होतं. मला वाटलं, दुःखाने.

"इंदाय," सालुद हळूच म्हणाल्या. "डबा."

"काय?"

"डबा, बाई."

मध्ये बिस्किटांचा डबा होता, वर चीर पाडलेला. मी तासभर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूने पैसे ओढत होते. एकदाही आत काही टाकलं नव्हतं. हे पहिल्याच डावात सगळ्यांच्या लक्षात आलं असणार. कुणी बोललं नाही. दारात देल्फिनची बायको कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पहिला कप मलाच दिला.

मी सगळा ढीग डब्यात ओतला. एकेक नाणं चिरेतून घालायला खूप वेळ लागतो. सगळे थांबले होते.

वाटेत सालुद काही टोमणा मारतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी नुसता माझा हात धरला. तेच जास्त लागलं.

२७ मार्च

खेळले नाही.

३० मार्च

पहाटे फोन. रोवेनाला रक्तस्राव झाला. एक रात्र हॉस्पिटलमध्ये होती, आता घरी, पण तीन महिने पडून राहायचं. नवरा ट्रकसकट आल्बर्टात बर्फात अडकलेला. त्या रात्री थिओ शेजारच्या पंजाबी बाईंकडे झोपला.

"काल का नाही केलास फोन?"

"तू घाबरली असतीस."

"मी तुझी आई आहे. घाबरणं माझं काम आहे."

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. मी म्हटलं, "तू पैशाची काळजी करू नको. मी मिळवते आहे. मला काही पाठवू नको. मी इथे माझं भागवू शकते."

"नानाय!" ती ओरडली. "पैशाचं कोण बोलतंय? फेब्रुवारीपासून सांगतेय, ये म्हणून. तुला वाटतं, तुला पोसायचा कंटाळा आला म्हणून बोलावतेय? मी घाबरलेय. रात्री काही झालं तर थिओला दार उघडता येत नाही. कडी वर आहे."

 एवढ्या महिन्यांत मी तिच्या प्रत्येक फोनमधून फक्त एकच वाक्य ऐकलं होतं, घराला कुलूप लाव.

१ एप्रिल

मॉलमधल्या तिकिटाच्या दुकानात गेले. गुड फ्रायडेला सगळं बंद, म्हणून आजच. व्हिसा थिओच्या जन्माच्या वेळी काढलेला दहा वर्षांचा आहे, तो चालतो. खुर्चीवरची मुलगी नखं रंगवलेली, चटपटीत.

"एकेरी की जाऊन-येऊन, मॅम?"

मी पर्समधला पासपोर्ट काढून पुन्हा आत ठेवला. मागे रांगेतल्या बाईने उसासा टाकला.

"जाऊन-येऊन," मी म्हटलं. "दोन नोव्हेंबरच्या आत परत पोचायला हवं. त्या दिवशी नवऱ्याची कबर धुवायची असते."

पंच्याऐंशी हजार. खात्यातून काढून घेतले. उरले पंचवीस. वरच्या टेबलावर एवढ्यावर बसणं म्हणजे वेडेपणा. पाच-दहाला नियमाने पुरतात. मी वरच्या टेबलाच्या लायक होते, हे मला आता माहीत आहे. तिथे बसायचं नाही, हेही माहीत आहे. दोन्ही एकदम माहीत असणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी रोवेनाला सांगितलं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी निघते, मंगळवारी पोचते.

"मी काढणार होते तिकीट! एवढे पैसे कुठून आणलेस?"

"पोकरमध्ये जिंकले."

 मग ती हसायला लागली. "बिस्किटांवर?" म्हणाली आणि आणखी हसली. "नको ना, नानाय, डॉक्टरांनी हसायला मनाई केलीय, पोट धरून ठेवलंय मी!" मागून थिओ विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि तिला सांगता येत नव्हतं.

मी खुलासा केला नाही. तिला हसू दे. मंगळवारपर्यंत दाराची कडी खाली बसवून घे म्हटलं, कुणीतरी शेजारचा माणूस बोलाव.

"बसवते," ती हसतच म्हणाली, "पण ये तू."